खिडकीसमोरचा काळा चेहरा कसा उजळायचा: डोळ्याच्या पद्धतीने रंग सुधारणारे अल्गोरिदम

खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला की चेहरा काळाकुट्ट येतो आणि बाहेरचं सगळं पांढरंफटक, पण तिथे उभं राहून बघताना तुम्हाला चेहराही दिसत होता आणि बाहेरची झाडंही. कॅमेऱ्याचा दोष नाही. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलवर किती उजेड पडला तेवढंच मोजतो, आणि डोळा असा मोजत बसत नाही, तो प्रत्येक गोष्टीची आजूबाजूशी तुलना करतो. रेटिनेक्स, एसीई वगैरे फोटो सुधारणारे जे अल्गोरिदम आहेत ते सगळे या एकाच फरकावर उभे आहेत, त्यामुळे हे एकदा डोक्यात बसलं की कुठला नॉब का फिरवायचा ते आपोआप कळतं, नाहीतर नुसते आकडे बदलत बसायचं.

थोडी थिअरी लागणारच, पण लवकर आटपतो. पोलरॉइड कंपनी काढणारे एडविन लँड यांनी १९६० च्या दशकात रंगीत कागदांचे तुकडे लावलेला एक मोठा बोर्ड घेतला आणि त्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे प्रोजेक्टर मारले. मग त्यांनी तिन्हींचा उजेड असा कमीजास्त केला की आधी लाल तुकड्यावरून जितका आणि जसा प्रकाश डोळ्यात येत होता, अगदी तेवढाच आता हिरव्या तुकड्यावरून यावा. बघणारे तरीही म्हणाले, हा हिरवाच आहे! म्हणजे रंग हा त्या एका जागेवरून आलेल्या प्रकाशावर ठरत नाही, बाकीच्या तुकड्यांच्या मानाने तो किती आहे त्यावर ठरतो. १९७१ मध्ये लँड आणि जॉन मॅकॅन यांनी हे व्यवस्थित मांडलं. डोळ्यातल्या वायरिंगकडे बघितलं तरी तीच तऱ्हा दिसते, रेटिनातल्या गँग्लियन पेशी मधल्या ठिपक्यावर उजेड पडला की एक करतात आणि भोवतालच्या कड्यावर पडला की त्याच्या उलट, स्टीफन कुफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या डोळ्यात हे मोजलं होतं.

आता आकड्यात बघू. उन्हातल्या भिंतीवरचा एक पिक्सेल २०० आहे आणि त्याच्या आजूबाजूची सरासरी २२०. त्याच भिंतीचा सावलीतला पिक्सेल २० आहे आणि तिथली सरासरी २२. कॅमेऱ्याच्या लेखी २०० आणि २० म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक, पण भागाकार करा, दोन्हीकडे ०.९०९ येतं, आणि नॅचरल लॉग घेतला तर दोन्हीकडे सुमारे −०.०९५. उजेड दहापट कमी झाला तरी उत्तर तेच. रेटिनेक्सचा गाभा एवढाच आहे: पिक्सेलचा लॉग वजा आजूबाजूच्या सरासरीचा लॉग. आजूबाजू म्हणजे गॉसियन ब्लर मारलेला, म्हणजे शेजारचे पिक्सेल मिसळून धूसर केलेला, तोच फोटो. बाकी जे काही आहे ते "आजूबाजू किती मोठी धरायची" आणि "तुलना करताना रंग उडाले ते परत कसे आणायचे" या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

आधी व्हाइट बॅलन्स उरका

बरेच जण सरळ रेटिनेक्सवर उडी मारतात आणि मग पिवळट बल्बचा रंग का गेला नाही, किंवा अर्धवटच का गेला, म्हणून वैतागतात. अख्ख्या फोटोवर एकसारखी छटा असेल तर ती आधी वेगळी काढा, हे काम सोपं आहे आणि तिन्ही चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) तीन आकड्यांनी गुणलं की होतं. योहानेस फॉन क्रीस यांची शंभरेक वर्षांपूर्वीची आयडिया हीच, की डोळ्यातले तीन प्रकारचे कोन (रंग टिपणाऱ्या पेशी) आपापली सेन्सिटिव्हिटी स्वतंत्रपणे वरखाली करतात.

ते तीन आकडे काढायच्या दोन झटपट पद्धती आहेत. ग्रे वर्ल्ड म्हणजे सगळ्या फोटोची सरासरी राखाडी यायला हवी असं धरायचं: समजा लालची सरासरी ०.३०, हिरव्याची ०.२४, निळ्याची ०.१५ आली, तर हिरवा तसाच ठेवून लालला ०.८ ने आणि निळ्याला १.६ ने गुणा, झालं. व्हाइट पॅच म्हणजे सगळ्यात उजळ जागा पांढरी धरायची, पण त्यात थेट मॅक्झिमम घेऊ नका, एक चमकणारा पिक्सेल सगळं बिघडवतो, ९९ वा पर्सेंटाइल घ्या, म्हणजे ९९ टक्के पिक्सेल ज्याच्या खाली येतात तो आकडा. आणि दोन्हीकडे २५५ या कमाल आकड्याला टेकलेले पिक्सेल हिशोबातून बाहेर ठेवा कारण त्यांचा खरा आकडा कुणालाच माहीत नाही. नुसत्या हिरवळीचा फोटो असेल तर ग्रे वर्ल्ड सगळं गुलाबीसर करून ठेवतं, तिथे व्हाइट पॅच बरा. सूर्यास्ताचा फोटो असेल तर ही अख्खी पायरीच सोडून द्या, ती छटा तर हवीच आहे.

गामाबद्दल, म्हणजे फाइलमध्ये आकडे साठवताना उजेडाला लावलेल्या घाताबद्दल, एक गोष्ट, कारण यावर लोक उगाच भांडतात. जेपेगमधले आकडे लिनियर, म्हणजे उजेडाच्या सरळ प्रमाणात, नसतात, १८ टक्के परावर्तन करणारं राखाडी तिथे ४६ ला नाही तर ११८ च्या आसपास बसतं. सरासरी काढायची असेल, जसं ग्रे वर्ल्डमध्ये, तर आधी लिनियर करा. रेटिनेक्सचा भागाकार मात्र गामा असतानाही साधारण टिकतो, कारण घात लॉगमध्ये गेला की नुसता गुणक होतो, म्हणून ते सरळ जेपेगच्या आकड्यांवर चालवलं तरी काम होतं. माझी पद्धत अशी, व्हाइट बॅलन्स लिनियरमध्ये, मग परत गामा लावायचा आणि पुढचं सगळं तिथे. ओपनसीव्ही (फोटोवर काम करायची कोड लायब्ररी) वापरत असाल तर ते चॅनेल निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने वाचतं, गुणक लावताना अदलाबदल झाली की छटा जायच्या ऐवजी आणखीच वाढते.

तिन्ही चॅनेलवर रेटिनेक्स चालवला की काय होतं

नासाच्या लँगली सेंटरमधल्या जॉब्सन आणि वुडेल यांनी रहमान यांच्यासोबत १९९७ च्या सुमाराला मल्टीस्केल रेटिनेक्स आणला. एकच ब्लर घेतला तर अडचण होते, ब्लर लहान असेल तर डिटेल छान उठतात पण फोटो सपाट आणि राखाडी होतो, मोठा असेल तर रंग-टोन नैसर्गिक राहतात पण सावली फारशी उघडत नाही. म्हणून त्यांनी तीन ब्लर घेतले, सिग्मा (ब्लर किती पसरतो तो आकडा) साधारण १५, ८० आणि २५०, आणि तिघांच्या उत्तरांची सरासरी काढली. आजही जिथे बघाल तिथे हेच तीन आकडे कॉपी-पेस्ट केलेले दिसतात. पण हे आकडे पिक्सेलमध्ये आहेत आणि त्या काळातले फोटो आताच्या मोबाइलच्या फोटोंपुढे चिमुकले होते! त्यामुळे फोटोच्या लहान बाजूच्या प्रमाणात धरा, दीड टक्का, आठ टक्के आणि पंचवीस टक्के. लहान बाजू १००० पिक्सेल असेल तर १५, ८०, २५० बरोबर बसतात, ३००० असेल तर ४५, २४०, ७५० लागतील.

आता खरी गोम. हे लाल, हिरवा, निळा तिन्हींवर वेगवेगळं चालवलं की रंग उडतात. मोठं हिरवं शेत घ्या, पिक्सेल आहे ४०, १२०, ३०, आणि चहूकडे सगळं तसंच असल्यामुळे आजूबाजूची सरासरीही ४०, १२०, ३०. भागाकार केला तर १, १, १. म्हणजे राखाडी. हिरवेपणा गेला कुठे? तो आजूबाजूतही होता म्हणून वजा झाला. अल्गोरिदमच्या लेखी शेत हिरवं आहे की त्यावर हिरवा लाइट मारलाय, यात फरकच नाही.

यावर उपाय म्हणून त्याच मंडळींनी कलर रिस्टोरेशन जोडलं, तेच एमएसआरसीआर (मल्टीस्केल रेटिनेक्स विथ कलर रिस्टोरेशन). प्रत्येक चॅनेलच्या उत्तराला एका गुणकाने गुणायचं आणि तो गुणक पिक्सेलमध्ये त्या रंगाचा वाटा किती यावर ठरतो. ऐकायला ठीक वाटतं, पण वरच्याच पिक्सेलवर चालवून बघा. अल्फा नेहमीचा १२५ धरला तर लालचा गुणक ३.२७ च्या पटीत, हिरव्याचा ४.३७ च्या, निळ्याचा २.९८ च्या. शेताच्या मधोमध लॉगचं उत्तर शून्य आहे, शून्याला कशानेही गुणा, शून्यच, हिरवा परत येत नाही. आणि पिक्सेल आजूबाजूपेक्षा जरा काळपट असेल, समजा तिन्हीकडे −०.१, तर उत्तर येतं −०.३३, −०.४४, −०.३०, म्हणजे हिरवाच सगळ्यात खाली गेला आणि पान जांभळट झालं! सावलीतल्या झाडीत जे विचित्र जांभळे डाग दिसतात ते इथून येतात. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा करणाऱ्याने एमएसआरसीआरच्या नादी लागू नये. अल्फा, बीटा, गेन, ऑफसेट असे चार नॉब, आणि प्रत्येक फोटोला वेगळे.

चालणारी रेसिपी

यापेक्षा साधा मार्ग आहे तो एमएसआरसीपी, म्हणजे रंगाचं प्रमाण जपणारा मल्टीस्केल रेटिनेक्स, रंगाला हातच लावायचा नाही, फक्त उजेड बदलायचा. मी जे करतो ते पायथॉनमध्ये नमपाय आणि ओपनसीव्ही घेऊन तीसेक ओळींत बसतं.

फोटो फ्लोटमध्ये घ्या, आठ बिटच्या इंटिजरमध्ये लॉग-बिग काही करू नका. तिन्ही चॅनेलची सरासरी काढून एक इंटेन्सिटीचा फोटो बनवा, त्यात सगळीकडे १ मिळवा कारण शून्याचा लॉग घेतला की मायनस इन्फिनिटी आणि सगळ्या फोटोत छिद्रं. मग या इंटेन्सिटीचे तीन गॉसियन ब्लर काढा. ओपनसीव्हीच्या ब्लर फंक्शनला कर्नल साइज शून्य-शून्य दिली की सिग्मावरून ती स्वतः ठरवते, पण सिग्मा ७५० असेल तर कॉम्प्युटर घाम गाळत बसतो, तेव्हा फोटो आठपट लहान करा, सिग्माही आठने भागा, ब्लर मारा आणि परत मोठा करा, एवढ्या मोठ्या ब्लरमध्ये फरक कुणाला दिसणार नाही. कडांना आरशासारखं रिफ्लेक्ट होऊ द्या, शून्य भरलं तर बाहेरचा काळोख सरासरीत मिसळतो आणि फोटोच्या चारही बाजूंना उगाच उजळ पट्टा येतो.

तिन्हींसाठी इंटेन्सिटीचा लॉग वजा ब्लरचा लॉग, आणि त्यांची सरासरी. हे उत्तर शून्याच्या खालीवर असतं, ते स्क्रीनवर आणायला खालचा १ टक्का आणि वरचा १ टक्का कापा आणि उरलेलं ० ते २५५ मध्ये ताणा. ही तुमची नवी इंटेन्सिटी.

शेवटी प्रत्येक पिक्सेलला नवी भागिले जुनी इंटेन्सिटी हा एकच गुणक तिन्ही चॅनेलना लावा. आपल्या हिरव्या पिक्सेलची जुनी इंटेन्सिटी ६३.३ होती, नवी ९५ आली, तर गुणक १.५ आणि पिक्सेल होतो ६०, १८०, ४५. हिरवा तो हिरवाच, फक्त उजळ. पण नवी १९० आली तर गुणक ३ होतो आणि हिरवा ३६० वर जातो, तो २५५ ला कापला गेला की रंगाचं प्रमाण बिघडतं, म्हणून गुणकाला मर्यादा घाला, २५५ भागिले तीन चॅनेलमधला सगळ्यात मोठा. इथे २५५ भागिले १२० म्हणजे २.१२५, पिक्सेल ८५, २५५, ६४, प्रमाण शाबूत.

आणि मग जे निघालं ते जसंच्या तसं वापरू नका. मूळ फोटोत मिसळा, साधारण निम्मं-निम्मं. शंभर टक्के रेटिनेक्स केलेला फोटो म्हणजे प्रत्येक कोपरा ओरडतोय असं दिसतं, सावली ही सावलीसारखी थोडी तरी दिसली पाहिजे, डोळासुद्धा उजेड पूर्ण विसरत नाही.

कोड लिहायचा नसेल तर गिंप या फोटो एडिटरमध्ये कलर्स मेनूत टोन मॅपिंगखाली रेटिनेक्स आहेच. स्केल २४०, स्केल डिव्हिजन ३, डायनॅमिक १.२ हे डिफॉल्ट ठेवून सुरुवात करा, डायनॅमिक वाढवला की रंग फिके पडतात. ट्रिक अशी, लेयरची कॉपी करा, वरच्या लेयरवर रेटिनेक्स मारा, त्याचा मोड ल्युमिनन्स करा आणि ओपॅसिटी ४०-५० वर आणा. मग रंग खालच्या मूळ लेयरचे राहतात आणि उजेड वरचा, वरच्या सगळ्या रेसिपीचं बरंचसं काम दोन क्लिकमध्ये.

कुठे बिघडतं

सगळ्यात पहिल्यांदा दिसतो तो हेलो, काळ्या बिल्डिंगभोवती आकाशात येणारी ती चमकदार कड. आकाश २००, बिल्डिंग २०. कडेजवळ ब्लरमध्ये दोन्ही मिसळून सरासरी ११० च्या आसपास येते, तिथे आकाशाचं उत्तर +०.६ आणि बिल्डिंगचं −१.७, आणि कडेपासून लांब गेलं की दोन्हीकडे शून्य. म्हणजे कडेला आकाश उगाच उजळ, बिल्डिंग उगाच काळी. लहान आणि मधल्या सिग्माचं वजन कमी करून बघा, तेवढ्याने भागलं नाही तर गॉसियनच्या जागी गायडेड फिल्टर किंवा बायलॅटरल वापरा, हे कडेपलीकडचं सरासरीत घेत नाहीत. गायडेड फिल्टर ओपनसीव्हीच्या कॉन्ट्रिब पॅकेजमध्ये मिळतो. फक्त त्याला अतिशय कडक सेटिंग देऊ नका, आजूबाजू म्हणून तोच फोटो परत मिळाला तर तुलना कशाशी करणार.

दुसरं, नॉइज. सावलीतला पिक्सेल ४ आणि त्यात २ चा नॉइज, पाचपट उचलला की २० आणि १०, आता तो सगळ्यांना दिसतो. डिनॉइज आधी करा, नंतर नाही. जेपेग फार कॉम्प्रेस केलेला असेल तर आठ बाय आठचे चौकोनही वर येतात, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोकडून म्हणूनच फार अपेक्षा ठेवू नये, शक्य असेल तर रॉ फाइल घ्या. आणि जे पांढरं जळून गेलंय ते कुठल्याच अल्गोरिदमने परत येत नाही, खिडकीबाहेरचं हवं असेल तर फोटो काढतानाच एक्स्पोजर कमी ठेवा, सावली नंतर उचलता येते.

तपासताना १०० टक्के झूमवर बघा: काळ्या-पांढऱ्याची कड, आकाशासारखा मोठा सपाट भाग, कातडीचा रंग आणि एखादी राखाडी वस्तू. चारातलं काहीतरी नक्की चुगली करतं. स्क्रीनकडे पाच-दहा मिनिटं टक लावून बसलात की तुमचे स्वतःचे डोळेही त्या छटेला सरावतात, तेव्हा मधेच उठून फिरून या. २०१५ मधला तो ड्रेस आठवतोय ना, कुणाला निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी? आकडे सगळ्यांपुढे तेच होते, लाइट कुठला होता याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे अल्गोरिदम चुकला म्हणण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

एसीई कधी

अलेस्सांद्रो रिझी, गाट्टा आणि मरिनी यांनी २००३ मध्ये एसीई, म्हणजे ऑटोमॅटिक कलर इक्वलायझेशन, आणलं. यात ब्लर नाही, प्रत्येक पिक्सेल बाकीच्या प्रत्येक पिक्सेलशी तुलना करतो, दोघांतला फरक एका उताराने गुणून −१ ते +१ मध्ये कापायचा, अंतराने भागायचा आणि सगळ्यांची बेरीज. जवळच्याचं मत जड, लांबच्याचं हलकं. ग्रे वर्ल्ड आणि व्हाइट पॅच दोन्हींचा परिणाम एकदम मिळतो, म्हणून पाण्याखालचे निळे-हिरवे फोटो किंवा रंग उडालेल्या जुन्या स्लाइड यांच्यावर एसीई रेटिनेक्सपेक्षा छान चालतं, छटा स्वतःच काढून टाकतं. उतार १ असला की सौम्य, ८ पर्यंत नेला की फारच कडक, मी २-३ च्या पुढे क्वचित जातो.

अडचण वेळेची. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत प्रत्येकाने प्रत्येकाशी तुलना करायची म्हणजे १४४ वर आणखी बारा शून्यं इतक्या जोड्या. त्यामुळे एकतर पॉलिनोमियल आणि एफएफटी वापरणारं फास्ट व्हर्जन शोधा, पास्काल गेट्रॉयर यांचं २०१२ मधलं आहे, नाहीतर प्रत्येक पिक्सेलसाठी भोवती रँडम काहीशे पॉइंट टाकून तेवढ्यांशीच तुलना करा. पॉइंट कमी पडले तर फोटो रवाळ दिसतो, मग वाढवा.

व्हिडिओवर यातलं काही चालवणार असाल तर ब्लर वगैरे ठीक आहे, पण १ टक्का कापायचे ते दोन आकडे प्रत्येक फ्रेमला नव्याने काढू नका. पांढरी गाडी फ्रेममध्ये आली की वरचा कट उडी मारतो आणि अख्खं चित्र क्षणभर लुकलुकतं. जुन्या आकड्याचे ०.९ आणि नव्याचा ०.१ असं मिसळत न्या, आणि सीन कट झाला की रीसेट करा, नाहीतर नव्या सीनच्या पहिल्या काही फ्रेम जुन्या सीनच्या हिशोबाने उजळतात.